चर्चचं दार बंद दिसलं तरी कडं फिरवून बघा

इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड्सला आपली मंडळी जातात, दगडी घरांसमोर फोटो काढतात, चहा-स्कोन खातात आणि पार्किंगची वेळ संपायच्या आत परत. गावातलं जुनं पॅरिश चर्च मात्र बाहेरूनच, कारण दार बंद दिसतं आणि आपण आत गेलेलं चालेल का हा संकोच. अहो चालतं. दार बऱ्याचदा नुसतं लोटलेलं असतं, त्याला जाडजूड लोखंडी कडं असतं ते फिरवायचं, आतला खटका वर गेल्याचा आवाज येतो, मग खांद्याने जोर लावायचा. मी पहिल्यांदा नुसतं ढकलून बघितलं, कुलूप आहे असं समजून परत फिरलो, आणि मागून आलेल्या एक आजी कडं फिरवून आरामात आत गेल्या! पोर्चला जाळीचं दार असेल तर आठवणीने लावा, पक्षी आत शिरले की अडकून बसतात.

रविवारी सकाळी प्रार्थना, शनिवारी कधीकधी लग्न, म्हणून मधल्या वारी गेलेलं बरं. चपला काढायच्या नसतात (आईचा हात तरी सवयीने सँडलच्या पट्ट्याकडे गेलाच). उन्हाळ्यातही आत गार असतं, जॅकेट ठेवा. तिकीट बहुधा नसतंच पण छपराच्या डागडुजीचे पैसे गावालाच जमवावे लागतात, तेव्हा पेटीत दोन-चार पाऊंड टाका.

आत गेल्यावर आधी कमानी बघा. गोल कमान म्हणजे साधारण नॉर्मन काळातली, म्हणजे फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मनांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकलं त्यानंतरच्या शे-सव्वाशे वर्षांतली, आणि टोकदार म्हणजे त्यानंतरची. बर्फर्ड गावच्या चर्चचा तर टॉवर नॉर्मन आणि त्याच्या डोक्यावरचा उंच निमुळता कळस १५व्या शतकातला.

बर्फर्डला जाच. बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ वाकून त्याच्या आतलं शिसं नीट बघा, तिथे ओबडधोबड अक्षरांत अँथनी सेडली, १६४९, प्रिझनर असं कोरलंय, आणि प्रिझनरच्या स्पेलिंगमधला ओ गाळलाय. मे १६४९ मध्ये संसदेच्या सैन्याचा सेनानी क्रॉमवेल याने त्याच सैन्यातल्या बंड केलेल्या लेव्हलर्स (सगळ्यांना समान हक्क मागणाऱ्या गटाच्या) सैनिकांना, तीनेकशे असतील, याच चर्चमध्ये कोंडलं होतं, त्यातल्या तिघांना बाहेर आवारात गोळ्या घातल्या. बाहेर लोकरीच्या गाठोड्यासारखा गोल माथा असलेली थडगी दिसतील, या भागाचा पैसा लोकरीतलाच.

फेअरफर्डला काचा. १५०० च्या आसपासच्या २८ रंगीत खिडक्या, जवळजवळ सगळ्या शाबूत, इंग्लंडमधल्या पॅरिश चर्चमध्ये इतका पूर्ण संच दुसरीकडे नाही. सुरुवात आदम-ईव्हपासून, आणि पश्चिमेच्या मोठ्या खिडकीत शेवटचा न्याय, खाली नरक आणि सैतान. दुर्बीण न्या, आणि पश्चिमेच्या खिडकीसाठी दुपारनंतर जा, ऊन मागून येतं.

वेळ उरला तर स्टो-ऑन-द-वोल्डजवळ डेल्सफर्डला वळा. छोटंसं चर्च, आणि आवारात वॉरन हेस्टिंग्जचं थडगं, म्हणजे पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या वेळचा आपला तोच गव्हर्नर जनरल. गेला १८१८ साली, ज्या वर्षी पेशवाई बुडाली त्याच वर्षी. मी तिथे उभा राहून लेकीला ते युद्ध संपवणारा सालबाईचा तह समजावत होतो, तिला सँडविच हवं होतं.