देवगिरीने जा, संग्रहालयाची इमारतही बघून या

मराठवाड्यातून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय एका दिवसात करायचे तर रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस बरी. सकाळी सीएसएमटीला उतरता येते आणि परतीची त्याच रात्री मिळते. तपोवन एक्स्प्रेस दिवसभर धावून रात्री मुंबईत पोचते, म्हणजे एक मुक्काम वाढला.

सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाका. कुलूप नसलेली बॅग तिथे घेत नाहीत आणि हे बहुतेकांना खिडकीवर गेल्यावर कळते. छोटे कुलूप घरूनच लावून न्या. तिकीट आणि ओळखपत्र हाताशी ठेवा. पुढे फोर्टातून रमतगमत चालत अर्धा तास. संग्रहालय सव्वादहाला उघडते.

तिकीट काढले की लगेच आत शिरू नका. आधी बागेत, इमारतीपासून जमेल तितके लांब उभे राहा; जवळ गेल्यावर घुमट कडेआड जातो. हा घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून बेतलेला आहे. वास्तुकार जॉर्ज विटेट; पायाभरणी 1905 ची, पण लोकांसाठी दारे उघडली 1922 मध्ये. मधल्या काळात, पहिल्या महायुद्धात, इथे लष्करी रुग्णालय होते. भिंतींत दोन दगड आहेत, कुर्ल्याचा करडा बेसाल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड. आपल्याकडच्या माणसाला बेसाल्टचे, म्हणजे काळ्या दगडाचे, अप्रूप नाही, वेरूळचे अख्खे कैलास लेणे त्यातच कोरले आहे. बघायचे ते हे, की इथे तो चिरा चिरा रचून वर नेला आहे. झरोके आणि जाळ्याही बाहेरूनच निरखा.

आत घुमटाखाली मधोमध उभे राहून मान वर करा. वरच्या मजल्याभोवतीचे लाकडी कोरीवकाम नाशिकच्या एका वाड्यातून आणून इथे बसवले आहे. दगडी इमारतीत ते इतके बेमालूम मिसळले आहे की निम्मे लोक न बघताच पुढे जातात.

सहलीच्या दिवसांत शाळांच्या रांगा तळमजल्यावरून सुरू होतात. म्हणून तुम्ही आधी वर जा, लघुचित्रे शांतपणे पाहा, मग खाली शिल्पांकडे या. कर्नाटकातल्या ऐहोळेचे छतावरचे शिल्पपट आणि सिंधमधल्या मीरपूर खासचा भाजक्या मातीचा बुद्ध चुकवू नका. अजिंठा पाहिलेल्याने त्या बुद्धापाशी जास्त वेळ द्यावा. सगळी दालने करायला गेलात तर दुपारपर्यंत पाय आणि डोळे दोन्ही थकतात. चार निवडा, तीन तास धरा. फोटोचे शुल्क तिकीट खिडकीवरच विचारा. फ्लॅश मारू नका, चित्रांचे रंग उजेडाने उडतात.

जेवून रस्ता ओलांडला की राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. हा 1911 चा कावसजी जहांगीर हॉल, तोही विटेटचाच. बाहेरून जुना, पण आत अर्धवर्तुळाकार दालने एकावर एक चढत जातात. पायऱ्या भरपूर, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी हे सकाळी उरकावे. सोमवारी बंद असते, आणि प्रदर्शन बदलताना दालने झाकलेली असतात. निघण्यापूर्वी फोन करून खात्री करा.

वेळ उरला तर शेजारच्या जहांगीर आर्ट गॅलरीत डोकवा. तिथे तिकीट लागत नाही. तिकडे जाऊन गेटवेही बघायचे असेल तर तो जवळच आहे, आणि विटेटचाच आहे. मात्र संध्याकाळी सीएसएमटीकडे निघताना टॅक्सीवर भिस्त ठेवू नका. त्या वेळी फोर्टात गाड्या तुंबतात, चालणेच लवकर पोचवते.