बहुकेंद्री बालहृदय संशोधनात जिल्ह्याच्या रुग्णालयांनी या चुका टाळाव्यात

दर हजार जिवंत जन्मांमागे साधारण ८ ते ९ बाळांना जन्मजात हृदयविकार असतो. त्यातील एखादा गुंतागुंतीचा प्रकार वेगळा काढला, तर मात्र कोणत्याही एका रुग्णालयाकडे वर्षभरात मोजकीच मुले येतात आणि त्यांच्यावरून कोणता उपचार सरस हे ठरवता येत नाही. अमेरिकेत २००१ साली उभ्या राहिलेल्या पेडिअ‍ॅट्रिक हार्ट नेटवर्कने एकाच उजव्या जवनिकेवर (हृदयाच्या खालच्या कप्प्यावर) जगणाऱ्या नवजातांमध्ये दोन प्रकारच्या शंटची, म्हणजे फुफ्फुसांकडे रक्त नेणाऱ्या कृत्रिम नळीची, तुलना केली, तेव्हा १५ केंद्रांतील ५४९ बाळे एकत्र आणावी लागली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हृदयप्रत्यारोपणाविना वर्षभर जगलेल्या बाळांचे प्रमाण एका गटात सुमारे ७४ टक्के, तर दुसऱ्या गटात सुमारे ६४ टक्के होते. एवढा फरक नजरेस येण्यासाठी प्रत्येक केंद्राची नोंद भरवशाची असावी लागते. सातारा किंवा सांगलीतील बालरुग्णालय अशा अभ्यासात उतरते तेव्हा त्याची मुले संख्येने थोडीच असणार. त्याचे मोल त्या थोड्या मुलांची नोंद किती पूर्ण आहे यावर ठरते.

पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे मुले निवडून घेणे. पाटणच्या डोंगरातले कुटुंब पुन्हा येईल की नाही अशी शंका वाटते, एखादे बाळ फारच अत्यवस्थ असते, आणि अशा मुलांची नावे कोणी मुद्दाम न ठरवताही गळतात. मग शहराजवळची, तब्येतीने बरी मुले तेवढी अभ्यासात राहतात आणि त्या केंद्राचे निकाल उगाचच चांगले दिसू लागतात. यावर उपाय म्हणजे पात्र ठरू शकणाऱ्या प्रत्येक बाळाची चाळणी-नोंदवही रोजच्या रोज भरणे. बाळ घेतले नाही तर कारण लिहावे, पालकांनी नकार दिला असेल तर तसे लिहावे. अभ्यास उपचारांच्या तुलनेचा असेल, तर पहिले मूल घेण्याआधी त्याची नोंद भारतीय क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीमध्ये झाली आहे ना, हेही पाहून घ्यावे.

वजनाकडे होणारे दुर्लक्ष किरकोळ वाटते, पण ते तसे नाही. दुपटे, टोपडे आणि पायातले वाळे यांसकट ५ किलोचे बाळ काट्यावर सहज ५ किलो ४०० ग्रॅम भरते. तेवढ्याने शरीराच्या पृष्ठभागाचे गणित सुमारे ४ टक्क्यांनी चुकते, आणि टू-डी इकोमधील (हृदयाच्या सोनोग्राफीतील) झडपांची व महाधमनीची मापे शरीराच्या मानाने लहान की मोठी हे त्याच गणितावर ठरत असल्याने तिथेही चूक शिरते. बाळ उघडे करून वजन घ्यावे आणि इको करताना ते झोपलेले होते, रडत होते की गुंगीचे औषध दिले होते, हेही लिहावे. चित्रफिती एकाच मध्यवर्ती प्रयोगशाळेत वाचल्या जाणार असल्या, तरी जे चित्रच नीट उतरले नाही ते तिथेही कोणी वाचू शकत नाही.

नवजाताची ऑक्सिमीटर तपासणी जन्मानंतर २४ तास झाल्यावर, उजवा हात आणि एक पाय अशा दोन्ही ठिकाणी करावी. ९५ टक्के किंवा अधिक वाचन आणि दोहोंत ३ पर्यंतचा फरक असेल तर बाळ उत्तीर्ण धरतात. महाबळेश्वरच्या थंडीत पाय गार पडला असेल, तर आधी तो ऊब देऊन मगच यंत्र लावावे. उत्तीर्ण बाळासमोर ‘हृदय निर्दोष’ असा शेरा मात्र मारू नये. जवनिकांमधील पडद्याचे छिद्र या तपासणीतून सहसा निसटते, आणि त्याची कुरकुर स्टेथोस्कोपला ऐकू यायलाही अनेकदा काही आठवडे जातात.

संमतीच्या बाबतीतली चूक खिडकीवरच घडते. रेशन कार्ड, आधार, जनआरोग्य योजनेचा अर्ज आणि संशोधनाचे संमतीपत्र एकाच गठ्ठ्यात पुढे सरकवले, की बाप विचारतो, “सही कुठे करायची तेवढं सांगा, साहेब.” नाही म्हटले तर मोफत शस्त्रक्रिया जाईल, अशी त्याची समजूत होते. म्हणून योजनेची कागदपत्रे पूर्ण झाल्यावर, वेगळ्या वेळी आणि वेगळ्या माणसाने संशोधनाविषयी बोलावे. सहभाग नाकारला किंवा मधेच सोडला तरी उपचार तेच राहतील, हे आधी सांगावे आणि पत्रक आजीला वाचून दाखवायला घरी नेऊ द्यावे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यापुढे १८ पर्यंत लेखी अनुमतीही लागते. ती पालकांच्या सहीबरोबर आपोआप मिळाली असे धरता येत नाही.

पाठपुरावा तुटतो तो बहुधा पत्त्यामुळे. खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले (सोने-चांदी गाळणारे) देशभर विखुरलेले, जावळी-पाटणचे माथाडी नवी मुंबईत आणि ऊसतोडीची कुटुंबे दिवाळीनंतर कारखान्याच्या तळावर. रेशन कार्डावरचा पत्ता मात्र गावचा. आईचा, मामाचा आणि गावच्या आशाताईंचा असे तीन क्रमांक, त्यांच्या संमतीने, पहिल्याच दिवशी घ्यावेत आणि भेटीच्या तारखा शक्यतो गावच्या जत्रेला किंवा दिवाळीला जोडाव्यात. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. गावात राहणाऱ्या मुलाची खबर तिथून मिळवता येते. ‘संपर्क नाही’ हा शेरा एका न लागलेल्या फोनवरून लिहिणे हा निव्वळ आळस आहे.

नोंदीचा रकाना रिकामा राहिला तर तिथे अंदाजाने शून्य भरू नये. ‘मोजले नाही’ आणि कारण लिहावे. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारावी, जुना आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी सही-तारीख घालावी. पांढरी शाई कपाटाबाहेर काढूच नये.

औषधाच्या चाचणीत मूल गंभीर आजारी पडले किंवा दगावले, तर नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल्सविषयीच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे संशोधकाने २४ तासांच्या आत नियामक, प्रायोजक आणि नैतिकता समितीला कळवायचे असते. अडचण अशी की विट्याच्या किंवा जतच्या दवाखान्यात रात्री दाखल झालेल्या मुलाची बातमी केंद्रापर्यंत पोहोचतच नाही. पालकांच्या पाकिटात मावेल असे मराठी कार्ड द्यावे, त्यावर अभ्यासाचे नाव, चालू औषध आणि चोवीस तास उचलला जाणारा क्रमांक असावा, आणि तो फोन रविवारी कोणाकडे असेल ते आधीच ठरवावे.