लेकराच्या तपासणीसाठी संभाजीनगरला येताय? आधी एवढं वाचा

हिंगोली, जालना, बीडकडून लेकरू घेऊन छत्रपती संभाजीनगरला आलेले आईबाप थेरपी सेंटरच्या बाकावर मला दर महिन्याला नवीन भेटतात. फाईल छातीशी धरलेली असते आणि पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, इथं चांगला थेरपिस्ट कोण?" आम्ही सेनगाव तालुक्यातून इथे येऊन ९ वर्षं झाली. माझा मुलगा सोन्या तेव्हा ३ वर्षांचा होता. त्याला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे. त्या बाकावर अर्ध्या तासात जे सांगता येत नाही, ते इथे लिहिते आहे.

घर हलवायची घाई करू नका. आम्ही केली. कुणाला काही न विचारता बैलजोडी विकली आणि सामान टेम्पोत टाकलं. आपल्याच जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात लहान लेकरांसाठी 'डीईआयसी', म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, हे मला इथे आल्यावर ८ महिन्यांनी कळलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, लेकरं तपासतं आणि शंका वाटली तर या केंद्राकडे पाठवतं. पैसे लागत नाहीत. अंगणवाडीताईंना सांगून ठेवा. केंद्रात मानसशास्त्रज्ञ आणि वाचा उपचार करणारे कोणत्या वारी बसतात हे फोनवर विचारूनच निघा, नाहीतर दिवसाची मजुरी बुडते. नांदेडकरांना विष्णुपुरीचं मेडिकल कॉलेज आहे, लातूरला आणि अंबाजोगाईला सरकारी कॉलेज आहे, इथे घाटीचा सरकारी दवाखाना आहे. मोठी, सगळ्या बाजूंनी तपासणी हवी असेल तर सिकंदराबादची राष्ट्रीय संस्था एनआयईपीआयडी आहे. परभणी, नांदेडहून तिकडे देवगिरी एक्स्प्रेस थेट जाते. बौद्धिक दिव्यांगत्वासाठीची ही केंद्र सरकारची संस्था, आपल्याकडे स्वमग्नतेची जी 'आयसा' मोजपट्टी वापरतात ती तिथेच तयार झाली.

आता 'थेरपिस्ट' या शब्दाबद्दल. आपण सगळ्यांनाच थेरपिस्ट म्हणतो आणि तिथेच फसतो. स्वमग्नता आहे की नाही हे सांगायचं काम बालरोगतज्ज्ञ, विशेषतः विकासाचा अभ्यास केलेले, मानसोपचारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांचं. बोलणं आणि संवाद स्पीच थेरपिस्टकडे. जेवण, कपडे, आवाजाची भीती, हातापायांचा ताळमेळ हे ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे सगळे ज्याला 'ओटी' म्हणतात. शिकवणं विशेष शिक्षकांकडे. एकच माणूस सगळं करतो असं सांगत असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे 'आरसीआय'कडे असते. ओटीची नोंद राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे असते. विचारताना संकोच वाटतो, मलाही वाटायचा. खरा माणूस भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे बोट दाखवतो आणि पुढे बोलायला लागतो.

रक्त तपासून किंवा एमआरआय काढून स्वमग्नता कळत नाही. झटके येत असतील तर डॉक्टर ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींची तपासणी सांगतील, ते वेगळं. पण कानाची तपासणी, बेरा, आधी करून घ्या. ऐकूच येत नसल्यामुळे न बोलणारी लेकरं असतात आणि त्यांचा रस्ता वेगळा आहे.

तपासणीच्या दिवसाबद्दल जरा जास्त सांगते, कारण तिथे आमचं वर्ष वाया गेलं. पहिल्या ठिकाणी मॅडमनी सोन्याला फॉर्मवरच्या नावाने हाक मारली. एकदा, दोनदा, तीनदा. तो पंख्याकडे बघत राहिला. त्यांनी लिहून घेतलं: नावाला प्रतिसाद नाही. आमच्या घरात त्या नावाने त्याला कुणी कधी बोलावलंच नव्हतं! आजी 'सोन्या' म्हणायची, मी पण तेच. मग चित्रं दाखवून "व्हेअर इज डॉग", नंतर हिंदीत. आमच्याकडे कुत्र्याला तो 'भू' म्हणायचा, आणि "भू कुठंय" असं विचारलं की दाराकडे बोट करायचा. मी कोपऱ्यात गप्प बसून होते, शिकलेल्या माणसाला कसं मध्येच टोकायचं म्हणून. अहवालात लिहून आलं त्याहून माझ्या लेकराला जास्त कळत होतं. दुसऱ्या ठिकाणी, वर्षभराने, ताईंनी आधी मलाच विचारलं: घरात काय म्हणता, त्याला काय आवडतं, तुमच्या बोलीत पाण्याला तो काय म्हणतो? मग त्या खाली चटईवर बसल्या आणि स्टीलच्या वाटीत ज्वारी ओतली. सोन्या आपणहून जवळ सरकला. स्वमग्नता आहे, हे त्यांनीही सांगितलं. पण कुठे अडतंय आणि काय जमतंय हे दोन्ही लिहून दिलं, आणि त्या दुसऱ्या यादीवरच पुढचं सगळं काम उभं राहिलं.

म्हणून जाताना घरचं नाव, घरचे शब्द एका कागदावर लिहून न्या. मोबाईलवर २-२ मिनिटांचे व्हिडिओ घ्या: जेवताना, एकटा खेळताना, पाहुणे आल्यावर. परक्या खोलीत लेकरू दिसतं ते वेगळंच असतं. 'आयसा' केली तर एकूण गुण किती ते विचारून घ्या. तिच्यात ४० मुद्दे आहेत, प्रत्येकाला १ ते ५ गुण, आणि ७० च्या खाली आले तर स्वमग्नता धरत नाहीत. आणि अहवाल येईपर्यंत थांबू नका. बोलायला उशीर होतोय एवढ्यावरच स्पीच थेरपी सुरू करता येते. "बाप पण उशिराच बोलला होता" हे ऐकत आमच्या घरी दीड वर्ष गेलं.

सेंटर निवडताना मी एकच गोष्ट बघते: आईला आत बसू देतात का. ४५ मिनिटं दार बंद, आणि बाहेर आल्यावर "आज छान केलं" एवढंच, असं असेल तर दुसरीकडे बघा. लेकरू त्यांच्याकडे आठवड्यात २-३ तास असतं, बाकीचा वेळ तुमच्याकडे. घरी काय करायचं ते ज्या दाखवतात, त्याच खऱ्या. आमच्या ओटीताईंनी ज्वारीच्या डब्यात चमचे लपवायला सांगितले. मी पोळ्या लाटेपर्यंत सोन्या ते शोधायचा, आणि ज्या हाताला पीठ लागलं की तो किंचाळायचा, तोच हात हळूहळू कणकेत जायला लागला. त्याला २-३ महिने लागले. ३ महिन्यांची ध्येयं लिहून मागा. रडणाऱ्या लेकराला धरून, दाबून काम करून घेत असतील तर त्याच दिवशी उठा.

'पूर्ण बरा करतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. स्वमग्नता हा ताप नाही. लेकरू शिकतं, वाढतं, पण हमी कुणाला देता येत नाही. स्टेम सेलसाठी जमीन गहाण टाकलेली माणसं मी बघितली आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्येच सांगितलंय की स्वमग्नतेसाठी हा उपचार करू नये. उतारा, धागा आजीला करायचा असेल तर मी भांडत नाही, फक्त थेरपीचा दिवस चुकवू देत नाही.

कागदांचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा अर्ज ऑनलाइन भरतात, आणि राहत्या जिल्ह्यात किंवा जिथे उपचार चालू आहेत त्या सरकारी दवाखान्यात तपासणी होते. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त आलं की बरेच दरवाजे उघडतात. एसटीला ७५ टक्के सवलत मिळते. खासगी शाळांतल्या आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांसाठी दिव्यांग लेकराला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. दिव्यांगांसाठीच्या निरामय आरोग्य विम्यात वर्षाला १ लाखापर्यंतचं संरक्षण आहे, आणि थेरपीचा खर्चही ठरलेल्या मर्यादेत मिळतो. सगळी बिलं जपा. लहान लेकरांचं प्रमाणपत्र बहुतेक वेळा तात्पुरतं असतं, त्यावरची मुदत बघून ठेवा.

खोली शेवटी शोधा. आधी सेंटर ठरवा, मग तिथून चालत जाता येईल अशी खोली घ्या. रिक्षाचं भाडं महिन्याअखेर खोलीभाड्याला गाठतं, आणि हॉर्नच्या आवाजाने लेकरू सेंटरला पोचायच्या आधीच थकतं. तळमजला घ्या, वरच्या मजल्यावरची उघडी गच्ची नको. दाराला कडी अगदी वर बसवून घ्या. घरमालकांना पहिल्याच दिवशी सांगा की रात्री रडण्याचा आवाज येईल आणि का येईल. आम्ही लपवलं होतं, दोन महिन्यांत खोली सोडावी लागली. लेकराच्या खिशात तुमचा फोन नंबर शिवून टाका. गल्लीतल्या दुकानदारांना त्याचा चेहरा ओळखीचा करा. आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्या दादांनी सोन्याला दोनदा हाताला धरून घरी आणून सोडलंय. त्यातल्या एका वेळी तर मला तो बाहेर गेल्याचंही कळलं नव्हतं.