थायलंडमध्ये नोकरीसाठी राहताय? या चुका टाळा

फिरायला आलेल्याला थायलंड जितका सोपा वाटतो, तितकाच तो राहायला आलेल्याला पहिल्या वर्षी दमवतो. मुंबईहून साडेचार तासांचं विमान, वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, मॉलच्या दारात गणपती. परदेशात आलोय असं वाटतच नाही. मग इमिग्रेशनच्या खिडकीमागची बाई गोड हसून फाइल परत करते आणि नेमकं काय चुकलं हे शोधण्यात आठवडा जातो.

इथले नियम फार कडक आहेत असं नाही. पण प्रत्येक कागद दुसऱ्या कागदावर टेकलेला असतो. पत्त्याची नोंद नसेल तर मुक्कामाची मुदतवाढ अडते, मुदतवाढ अडली की वर्क परमिट, त्यामागोमाग बँक. बहुतेकांची फसगत एकाच समजुतीने होते: एक काम केलं म्हणजे दुसरं आपोआप झालं.

व्हिसाच्या तारखेवर विसंबणं

व्हिसा म्हणजे दारापर्यंत येण्याची परवानगी. आत किती दिवस राहायचं, ते विमानतळावर पासपोर्टवर मारलेला शिक्का ठरवतो. नोकरीच्या ‘नॉन-बी’ व्हिसावर साधारण ९० दिवसांचा शिक्का मिळतो. त्यानंतर कंपनीच्या कागदपत्रांवर एक वर्षापर्यंतची मुदतवाढ मिळते, तिचं शुल्क १,९०० बाथ. पासपोर्ट हातात आला की रांगेतून हलण्याआधी शिक्क्यावरची तारीख वाचा. अधिकारीही माणूस आहे, चुकीची तारीख पडते. तिथल्या तिथे दाखवली तर दुरुस्त होते, घरी जाऊन लक्षात आली तर दुसऱ्या कार्यालयाच्या खेपा सुरू.

मुदत उलटली तर दिवसाला ५०० बाथ, जास्तीत जास्त २०,००० बाथ दंड. पैसे भरून सुटू, असा हिशेब करणारे भेटतात. पण मुदत संपल्यावर ९० दिवसांपेक्षा जास्त थांबून स्वतःहून बाहेर पडलात तरी वर्षभराची प्रवेशबंदी लागते, आणि एक-दोन दिवसच उलटले असताना तपासणीत पकडले गेलात तर पाच वर्षांची.

सर्वांत महागात पडणारी चूक याच्या पुढची आहे. वर्षाची मुदतवाढ घेतलेला माणूस री-एंट्री परमिट, म्हणजे त्याच मुदतीवर परत येण्याची परवानगी, न काढता देशाबाहेर गेला, की ती मुदतवाढ संपली. तिकडून काहीही करता येत नाही. नवा व्हिसा, नवी फाइल, कंपनीच्या एचआरची नवी कुरकुर. दिवाळीला जाणारा माणूस आठवणीने परमिट काढतो. अडकतो तो आईवडिलांच्या आजारपणाचा फोन आल्यावर रात्रीच्या विमानाने निघणारा. एका खेपेचं परमिट १,००० बाथ, अनेक खेपांचं ३,८००. ज्यांची घरची माणसं म्हातारी आहेत, त्यांनी अनेक खेपांचं परमिट मुदतवाढीच्या दिवशीच काढून टाकावं. काढलं नसेल आणि निघायलाच हवं असेल, तर बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर निघतानाही ते मिळतं. मात्र त्यासाठी वेळ राखून पोचा आणि बाहेर जाण्याचा शिक्का मारून घेण्याआधीच विचारा.

परतताना आणखी एक काम. १ मे २०२५ पासून देशात येताना भरायच्या कागदी टीएम ६ कार्डाच्या जागी डिजिटल आगमन कार्ड आलं आहे. ते पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं, आणि इथे नोकरी करणाऱ्यांनाही त्यातून सूट नाही. इमिग्रेशनच्या अधिकृत संकेतस्थळावर ते फुकट आहे. इंटरनेटवर शोधलं की पैसे मागणाऱ्या साइट वरती दिसतात, त्यांना कार्डाचा तपशील देऊ नका.

टीएम ३० आणि ९० दिवसांची नोंद एकच समजणं

एवढा गोंधळ दुसऱ्या कशाचाच होत नाही. टीएम ३० म्हणजे ‘माझ्या घरात परदेशी माणूस राहायला आला आहे’ ही घरमालकाने २४ तासांत द्यायची खबर. १९७९ च्या इमिग्रेशन कायद्यानुसार जबाबदारी मालकाची आहे, पण ती पार पाडली नाही तर अडतं भाडेकरूचं. मुदतवाढीला गेलात की खिडकीवर पहिल्यांदा टीएम ३० ची पावती मागतात. कित्येक मालक स्वतः दुसऱ्या शहरात असतात, काहींना हे प्रकरण माहीतच नसतं, आणि काहींना आपलं भाड्याचं उत्पन्न सरकारच्या नजरेला येईल याची धास्ती असते.

म्हणून घर आवडलं, भाडं जमलं, तरी डिपॉझिट देण्याआधी स्पष्ट विचारा: टीएम ३० कोण भरणार? उत्तर टाळाटाळीचं आलं तर दुसरं घर बघा. आधीच राहायला गेला असाल आणि मालक दाद देत नसेल, तर त्याच्या ओळखपत्राची सही केलेली प्रत, घराच्या नोंदवहीची म्हणजे ‘ताबियन बान’ची प्रत, भाडेकरार आणि अधिकारपत्र एवढं तरी मिळवा आणि स्वतः कार्यालयात जा. उशिराचा दंड कायद्याने मालकाचा, पण खिडकीवर खिसा बहुधा तुमचाच हलका होतो. त्यावरून मालकाशी भांडण्यात अर्थ नाही. वर्षअखेरीस डिपॉझिट त्याच्याच हातात असतं. २०२० पासून एवढी सोय झाली आहे, की री-एंट्री परमिटवर जाऊन त्याच पत्त्यावर परतलात तर पुन्हा टीएम ३० भरावा लागत नाही.

९० दिवसांची नोंद ही वेगळी, आणि ती तुमची. सलग ९० दिवस देशात राहिलात की टीएम ४७ हा अर्ज भरून ‘मी अजून याच पत्त्यावर आहे’ असं कळवायचं. मुदतीच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत ते करता येतं, फुकट आहे, चुकलं तर २,००० बाथ. मध्ये देशाबाहेर जाऊन आलात तर मोजणी परतल्या दिवसापासून नव्याने सुरू होते. या नोंदीने मुक्कामाची मुदत एका दिवसानेही वाढत नाही, तरी पासपोर्टला लावलेली ती चिठ्ठी बघून निश्चिंत झालेले लोक दरवर्षी ओव्हरस्टेमध्ये, म्हणजे मुदत उलटून राहिल्याबद्दल, सापडतात.

ऑनलाइन अर्ज करणार असाल तर खिडकी उघडल्याबरोबर, म्हणजे १५ दिवस आधीच करा. तो कधी कधी कारण न देता नाकारला जातो. हाताशी दिवस असतील तर प्रत्यक्ष जाता येतं. बँकॉकवाल्यांना त्यासाठी चेंगवत्थनाच्या सरकारी संकुलात जावं लागतं, आणि तिथे दुपारी बारा ते एक जेवणाची सुट्टी असते. पावणेबाराला पोचणाऱ्यांनी डबा न्यावा.

वडिलांचं नाव कुठे गेलं?

मराठी माणसाची खास अडचण. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असे तीन भाग. पासपोर्टवर पहिले दोन बहुधा ‘दिलेलं नाव’ या एकाच रकान्यात असतात. सिमकार्डाच्या दुकानातली मुलगी त्यातला पहिलाच शब्द टाइप करते, बँकेतला कारकून तिन्ही टाकतो, विमा कंपनी मधला भाग गाळते. सुरुवातीला काहीच बिघडत नाही. पण इथल्या बँका मोबाइल अ‍ॅपसाठी सिम आणि खातं एकाच नावावर असल्याची खात्री करतात. नाव जुळलं नाही की अ‍ॅप अडतं, आणि अ‍ॅप अडलं की क्यूआर कोडवर पैसे घेणाऱ्या या देशात भाजीवालीसुद्धा दूर जाते.

तेव्हा सगळीकडे पासपोर्टवरचं पूर्ण नाव, त्याच क्रमाने. फॉर्म भरला की स्क्रीन आपल्याकडे वळवून वाचा. थाई लिपीतलं नाव तर आणखी घोळाचं. वर्क परमिटवर एक, वाहन परवान्यावर दुसरं. पहिल्यांदा वर्क परमिट मिळालं की त्यातल्या थाई नावाचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि पुढे प्रत्येक ठिकाणी तोच दाखवा.

बायको-मुलांना ‘नॉन-ओ’ व्हिसावर आणायचं असेल तर लग्नाच्या दाखल्यातलं आणि पासपोर्टातलं नाव तपासा. लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलण्याची आपल्याकडची जुनी हौस इथे चांगलीच नडते. दोन वेगळ्या नावांच्या बाई एकच आहेत, हे थाई अधिकाऱ्याला कोणी सांगावं? राजपत्रातली नोंद किंवा प्रतिज्ञापत्र, आणि दाखल्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं व मग थाई दूतावासाचं प्रमाणीकरण, हे सगळं भारतातून निघण्याआधी उरका. मुंबईत थाई वाणिज्य दूतावास आहे. बँकॉकला येऊन मग कुरियरने कागद पाठवत बसणं म्हणजे दोन महिने गेले.

पासपोर्ट संपत आला असेल तर मुदतवाढीआधी नवा करा, कारण मुदतवाढ पासपोर्टच्या शेवटच्या तारखेपलीकडे देत नाहीत. नवा आल्यावर जुन्यातले शिक्के नव्यात उतरवून घेणं, वर्क परमिट आणि बँकेत नवा क्रमांक कळवणं, ही तिन्ही कामं आपणहून करायची आहेत.

जाता जाता: कागदांवरची वर्षं बघून गोंधळू नका. बुद्धसंवत आपल्या इसवीपेक्षा ५४३ वर्षांनी पुढे आहे, म्हणजे २०२५ साल तिथे २५६८. दुधाच्या पिशवीवर नुसतं ६८ दिसलं तर ते हेच.

घर घेताना

कराराची थाई प्रत हीच खरी मानली जाते, ती वाचू शकणाऱ्या सहकाऱ्याला दाखवा. विजेचा दर विचारा. बँकॉकमध्ये एमईए आणि बहुतेक प्रांतांत पीईए या सरकारी वीज कंपन्यांचं बिल थेट येत असेल तर युनिट साधारण चार-साडेचार बाथला पडतं. मालक किंवा इमारत मधे असेल तर सात-आठ बाथ लावतात, आणि एसी चालवणाऱ्या घराला हा फरक भाड्यात वाढ झाल्यासारखाच आहे. राहायला जाण्याच्या दिवशी भिंती, गादी, एसी, नळ यांचा व्हिडिओ काढून मालकाला ‘लाइन’ या मेसेजच्या अ‍ॅपवर पाठवून ठेवा. चियांग माईत घर घेणाऱ्यांनी फेब्रुवारी ते एप्रिल शेतं-जंगलं जळण्याचा धूर असतो हे धरून हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राचा खर्च मांडावा.

भाजी सांगितली, मासा आला

शाकाहारी माणसाची इथली खरी लढाई कोलंबी-माशाच्या तुकड्याशी नसते, तो दिसतो तरी. लढाई न दिसणाऱ्या गोष्टींशी: ‘नाम पला’ म्हणजे माशाचं सॉस, ‘कापी’ म्हणजे आंबवलेल्या कोलंबीची पेस्ट, आणि पालेभाजीवर सढळ हाताने पडणारं ऑयस्टर सॉस. रश्शाच्या तयार वाटणातच कापी असते. ‘मांस नको’ म्हटलं की आचारी प्रामाणिकपणे मांस काढतो आणि प्रामाणिकपणे नाम पला घालतो. त्याच्या लेखी ते मीठच.

‘मांगसविरत’ म्हटलं तर मांस-मासा नाही, पण अंडं येऊ शकतं. ‘जे’ म्हटलं तर मांस, मासा, अंडं, दूध काहीच नाही, शिवाय कांदा-लसूणही नाही. जैन मंडळींना आणि चातुर्मास पाळणाऱ्यांना हा दुसरा शब्द म्हणजे वरदान. लाल अक्षरांचा पिवळा झेंडा लावलेली दुकानं ‘जे’ची. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस हा उपास चालतो, बहुधा आपल्या नवरात्राच्या आगेमागेच, तेव्हा गल्लोगल्ली असे झेंडे दिसतात. डाळी, पोहे, मसाल्यांसाठी बँकॉकचा पाहुरात बाजार गाठा.

आवाज चढवणं

आपल्याकडे खिडकीवर थोडा आवाज वाढवला की साहेब बाहेर येतो. इथे उलट होतं. समोरची बाई आणखी मऊ बोलते, हसते आणि तुमचं काम थांबतं. चार लोकांत तिची चूक दाखवलीत तर ती चूक मान्य करण्याची वाटच बंद झाली. बाजूला घेऊन, ‘मला कळलं नाही, पुढे काय करू?’ असं विचारलं तर तीच बाई स्वतः फॉर्म भरून देते. ओळख काढण्याचा प्रयत्न करू नका. त्यापेक्षा प्रत्येक प्रतीवर निळ्या शाईने सही करून जा, त्याचा उपयोग जास्त.

राजघराण्यावरचे विनोद मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरही नकोत. फौजदारी संहितेच्या कलम ११२ खाली प्रत्येक गुन्ह्याला ३ ते १५ वर्षांची कैद आहे. ई-सिगारेट दुबईहून येतानाही बॅगेत टाकू नका. इथे तिची आयात बंद आहे.

मोपेड, जोडधंदा आणि राजीनामा

भाड्याची मोपेड परवाना न बघता मिळते, म्हणून ती चालवणं कायदेशीर होत नाही. दुचाकीचा परवाना नसताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते, आणि खासगी रुग्णालयाचं बिल लाखांत जातं. राहायलाच आला असाल तर थाई परवाना काढा. पहिला दोन वर्षांचा, नंतरचा पाच वर्षांचा. भाड्याला तारण म्हणून पासपोर्ट ठेवू नका.

वर्क परमिट ठरावीक मालकासाठी आणि ठरावीक कामासाठी असतं. रविवारी सोसायटीत पैसे घेऊन योगवर्ग किंवा गणिताची शिकवणी घेतली तर ते परमिटविना काम ठरतं: ५,००० ते ५०,००० बाथ दंड आणि हद्दपारी.

नोकरी बदलताना तर फारच जपून. नोकरीवर मिळालेला मुक्काम कामाच्या शेवटच्या दिवशीच संपतो, शिक्क्यावर पुढची सहा महिन्यांची तारीख असली तरी. महिन्याभराची नोटीस दिली म्हणजे आवराआवरीला वेळ मिळेल, हा हिशेब भारतातला. राजीनामा देण्याआधी नव्या कंपनीशी तारखा जुळवा, जुनी कंपनी परमिट कोणत्या दिवशी रद्द करणार ते लेखी घ्या, आणि त्याच दिवशी इमिग्रेशनला जायची तयारी ठेवा. तिथे १,९०० बाथ भरून सात दिवसांची सवलत मागता येते. घर रिकामं करणं, मुलांच्या शाळेचे दाखले आणि विमानाची तिकिटं, सगळं मग त्या सातांत बसवावं लागतं.