परसातील गाणारे पक्षी: दाण्यापेक्षा पाणी आणि पालापाचोळा

बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरात घरामागे परसू असणाऱ्यांनी एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी: नुसते धान्य टाकल्याने चिमण्या, पारवे आणि होले येतात, ज्याच्या शिळेसाठी आपण पहाटे कान देतो, तो दयाळ मात्र मुख्यतः किडे खाणारा पक्षी आहे. त्याच्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा झाडून जाळू नये आणि भाजीवर कीटकनाशक फवारू नये, कारण तो त्याच पाचोळ्यात उड्या मारत, शेपटी वर उचलत, अळ्या टिपत असतो. शिपाई बुलबुलासाठी पिकल्या पपईची किंवा केळ्याची फोड फांदीला टोचून ठेवावी. सूर्यपक्ष्यांना जास्वंद आणि शेवग्याचा मोहोर पुरेसा आहे, साखरपाण्याची गरज नाही.

मार्च ते मे या महिन्यांत पाणी सर्वांत मोलाचे ठरते. मातीच्या पसरट परळात ३ ते ५ सेंटिमीटरच पाणी भरावे, मध्ये एक खडबडीत दगड ठेवावा, आणि मांजराला दबा धरता येणार नाही अशा मोकळ्या जागी, जमिनीपासून उंच, ते मांडावे. परळ रोज घासून पाणी बदलावे. साचलेल्या पाण्यात डास होतात आणि पक्ष्यांत रोगही पसरतात.

ज्वारी किंवा तांदळाची कणी मूठभरच घालावी. शेव, फरसाण आणि खारट शिळे अन्न कधीही देऊ नये. आपल्याकडील संततधार पावसात दाणे भिजून बुरशी धरतात, म्हणून जून ते सप्टेंबर धान्य बंदच ठेवावे.