हवाईला जाताय? आधी सणांच्या तारखा बघा, विमानाचं तिकीट नंतर काढा

हवाईला जाणारे बरेच जण वायकीकीच्या बीचवर लोळतात, एका संध्याकाळी हॉटेलचा लुआउ, म्हणजे नाचगाण्यासकट मेजवानी, बघतात आणि झालं हवाई. लुआउ वाईट असतो असं नाही, पण तो पाहुण्यांसाठी मांडलेला खेळ आहे. तिथली माणसं स्वतःसाठी काय करतात ते बघायचं असेल तर ट्रिप एखाद्या सणाला धरूनच ठरवा.

पहिल्यांदाच जात असाल तर माझं मत, जून ते ऑगस्टमध्ये जा आणि जपानी बॉन डान्स गाठा. उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून आधी चिनी आले, १८८५ पासून जपानी मोठ्या संख्येनं आले, १९०६ पासून फिलिपिनो, आणि जपान्यांनी सोबत आणलेला हा पितरांचा सण. आपल्याकडे पितृपक्ष म्हटलं की चेहरे गंभीर, इथे मात्र बौद्ध मंदिराच्या अंगणात मधोमध मचाण, त्यावर ढोल, आणि भोवती भोंडल्यासारखा फेर धरून सगळे नाचतात. बाहेरच्यांनाही चालतं. स्टेप्स येत नसतील तर सगळ्यात बाहेरच्या फेरात शिरा, एखादी वयस्कर आंटी हेरा (हो, तिथेही मोठ्या बायकांना आंटीच म्हणतात) आणि ती करेल तसे हात हलवा, तिसऱ्या फेरीपर्यंत जमतं. भूक लागली की स्टॉलवर ओकिनावाची अंदागी मिळते, गोल तळलेली गोड, पण अंडं असतं, आणि स्पॅम मुसुबी म्हणजे भातावर डुकराचं मांस, तेव्हा शाकाहारी असाल तर विचारूनच घ्या.

हुलाचं, म्हणजे हवाईच्या पारंपरिक नाचाचं, वेड असेल तर मग हिलो गावातला मेरी मोनार्क फेस्टिव्हल, ईस्टरपासून पुढचा आठवडा. मिशनऱ्यांच्या प्रभावात राणी काआहुमानूनं १८३० मध्ये जाहीर हुलावर बंदी घातली होती, पुढे राजा कालाकाउआनं त्याला परत मान दिला, त्याच्याच टोपणनावाचा हा फेस्टिव्हल १९६४ पासून चालू आहे. शुक्रवारी काहिको, म्हणजे जुना हुला, नुसतं मंत्रासारखं गायन आणि ताल. शनिवारी आउआना, उकुलेले-गिटारवाला. एकच बघायचा तर काहिको बघा, आणि गायन चालू असताना गप्पा मारू नका प्लीज. तिकिटं फार आधी संपतात, नाही मिळाली तरी शनिवारची परेड रस्त्यावर उभं राहून बघता येते.

११ जूनच्या आसपास होनोलुलूत असाल तर हवाईची बेटं एका राज्यात आणणाऱ्या राजा कामेहामेहाच्या सणाला त्याच्या पुतळ्याला अग्निशमनच्या शिडीवरून लांबच लांब लेई, म्हणजे फुलांच्या माळा, घालतात ते बघाच. त्याच सणाच्या परेडमध्ये घोड्यावर बायका असतात, प्रत्येक बेटाचा रंग आणि फूल वेगळं.

लेईवरून आठवलं. कुणी गळ्यात घातली तर नको म्हणू नका आणि देणाऱ्यासमोर काढूही नका. गरोदर बाईला बंद लेई देत नाहीत, टोकं मोकळी असलेली देतात. आणि सुकली म्हणून कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको, निर्माल्यच ते, दोरा काढून फुलं झाडाच्या बुंध्याशी ठेवायची.