मोंफोर घराण्याची वंशावळ मांडताय? या चुका टाळा

माझ्या वहीत एका बाईचं लग्न थेट तिच्या सासऱ्याशी लागलं होतं, आणि ते लक्षात यायला मला दोन महिने लागले. बाई म्हणजे अमिसिया, इंग्लंडमधल्या लेस्टरच्या अर्लची, म्हणजे तिथल्या बड्या सरदाराची, मुलगी. सासर मोंफोर-लामोरी, पॅरिसच्या पश्चिमेकडचं एका टेकडीवरचं गाव. याच गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घराण्याने दक्षिण फ्रान्स जाळला, इंग्लंडच्या राजाला कैदेत टाकलं आणि आजच्या लेबनॉनमधल्या सिडॉन-टायरपर्यंत जहागिऱ्या मिळवल्या. वंशावळ मांडायला घ्यावी असं घराणं खरंच, पण पहिल्या पानापासून फसवणारं.

फसगतीचं मूळ एकच नाव: सिमोन. तिसरा सिमोन ११८१ मध्ये वारला. जुन्या पुस्तकांनी अमिसियाला त्याची बायको ठरवलं आणि दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझच्या वेढ्यात १२१८ मध्ये दगड लागून मेलेला तो प्रसिद्ध सिमोन या दोघांचा मुलगा धरला. पुढे अभ्यासकांनी सनदा पुन्हा तपासल्या, तेव्हा मधला आणखी एक सिमोन हाती लागला. तो तिसऱ्याचा मुलगा, अमिसियाचा खरा नवरा, ११८८ च्या आधीच वारलेला. म्हणजे अख्खी एक पिढी गायब होती. ती सापडल्यावर तुलूझवाला 'चौथा'चा 'पाचवा' झाला आणि त्याचा मुलगा, जो १२६५ मध्ये इंग्लंडमधल्या ईव्हशॅमच्या लढाईत पडला, तो 'पाचवा'चा 'सहावा'.

आता गंमत बघा. जुन्या पुस्तकातला 'पाचवा सिमोन' म्हणजे मुलगा, नव्या पुस्तकातला 'पाचवा सिमोन' म्हणजे बाप, आणि लेस्टरचा 'पाचवा अर्ल' म्हणजे पुन्हा बापच, पण तो क्रमांक अर्लपदाचा, घराण्याचा नव्हे. दोन पुस्तकं शेजारी ठेवून तक्ता भरणारा इथे हमखास आपटतो. हे क्रमांक त्या माणसांनी स्वतःला लावलेले नाहीत. बाजीराव पहिले हयात असताना त्यांना कुणी 'पहिले' म्हणत नव्हतं, तसंच हे. म्हणून तक्त्यात क्रमांक लिहूच नका. 'सिमोन, मृत्यू १२१८, तुलूझ' आणि 'सिमोन, मृत्यू १२६५, ईव्हशॅम' असं लिहा. माझी वही या एका सवयीने सुधारली.

दुसरी चूक आपल्याकडच्या लोकांकडून जास्त होते, कारण आपल्याला आडनावाची सवय. 'द मोंफोर' म्हणजे मोंफोरचा, एवढंच. मोंफोर म्हणजे बळकट डोंगर, आणि असले डोंगर फ्रान्सभर. आपल्याकडे वडगावं किती आहेत, आणि सगळे वडगावकर एकमेकांचे भाऊबंद असतात का? ईव्हशॅमच्या रणांगणावर सिमोनबरोबर पीटर द मोंफोर नावाचा त्याचा एक निष्ठावान साथीदारही मारला गेला. तो वॉरिकशायरमधल्या बोडेझर्टचा. त्याचं घराणं नॉर्मंडीतल्या दुसऱ्याच मोंफोरवरून आलेलं. एकच पक्ष, एकच नाव, एकाच दिवशी मृत्यू, आणि नातं काही नाही. मी त्याला चुलतभाऊ करून मोकळा झालो होतो. ढालीवरचं चिन्ह पाहिलं असतं तर वाचलो असतो: सिमोनचा तांबड्यावर पांढरा सिंह, शेपूट टोकाला दुभंगलेलं, पीटरचे सोनेरी-निळे तिरपे पट्टे.

मग नुसत्या नावाने माणूस ओळखायचा कसा? बायको कोण आणि जमीन कुठली, हे विचारायचं. या घराण्यात गी नावाचे तीन जण एका शतकाच्या आत गोंधळ घालतात. तुलूझवाल्या सिमोनच्या भावाची, पहिल्या गीची, बायको इबेलिन घराण्यातली हेल्विस, म्हणून त्याचा संबंध सिडॉनशी, आणि त्याचा मुलगा फिलिप पुढे टायरचा धनी झाला. सिमोनच्या मुलाची, दुसऱ्या गीची, बायको पेत्रोनिल, म्हणून तो पिरेनीजच्या पायथ्याच्या बिगोरचा काउंट. ईव्हशॅमवाल्याचा मुलगा गी तिसरा. त्याने १२७१ मध्ये इटलीत व्हिटर्बोच्या चर्चमध्ये आपल्या मामेभावाचा, हेन्रीचा, खून केला. त्याची बायको मार्गारिता, तस्कनीतल्या आल्दोब्रांदेस्की घराण्यातली. तीन बायका, तीन मुलूख. बायकांची नावं तक्त्यातून गाळलीत तर तिन्ही गी एकमेकांत मिसळलेच म्हणून समजा.

स्पेलिंगचा घोळ थोडक्यात: अमोरी, अमालरिकुस, अल्मेरिक ही एकाच नावाची फ्रेंच, लॅटिन आणि इंग्रजी रूपं. तीन चौकटी काढू नका.

लॅटिन कागदात 'नेपोस' शब्द दिसला की मात्र थांबा. त्याचा अर्थ नातू होतो, पुतण्या होतो, भाचाही होतो. मराठीत लिहिताना यातला एक निवडावाच लागतो, आणि तिथेच आपण नकळत पुरावा तयार करतो. दुसरा कागद मिळेपर्यंत मी 'नेपोस' तसाच ठेवतो, पेन्सिलने.

तारखांचा सापळाही आपल्याला ओळखीचा वाटेल. शक वर्ष चैत्रात बदलतं, म्हणून ईसवी सन काढताना कधी ७८ मिळवायचे, कधी ७९. फ्रेंच राजदरबारात नवं वर्ष तेव्हा ईस्टरला लागायचं, आणि ईस्टरची तारीख दरवर्षी सरकते. तुलूझवाल्या सिमोनच्या मुलाने, अमोरीने, दक्षिणेतले सगळे हक्क राजा आठव्या लुईच्या पदरात टाकले ते फेब्रुवारी १२२४ मध्ये. त्या काळच्या हिशेबात ते अजून १२२३ च. आकडा जसाच्या तसा उचललात तर लुई गादीवर येण्याआधीच त्याला हक्क मिळतात, कारण त्याचा बाप फिलिप १४ जुलै १२२३ पर्यंत जिवंत होता. जानेवारी ते ईस्टरमधली कुठलीही तारीख आली की त्या दिवशी राजा कोण, एवढं पडताळून पाहा. सन चुकला असेल तर बहुतेकदा तिथेच उघडा पडतो.

आणि पुरुषांची ओळ संपली की घराणं संपलं असं समजून पान मिटू नका. अमोरीचा मुलगा जाँ १२४९ मध्ये सायप्रसला वारला, मागे मुलगी बेआट्रिस. तिने द्रू घराण्यातल्या रोबेरशी लग्न केलं. त्यांची मुलगी योलांद आधी स्कॉटलंडच्या राजाची राणी झाली आणि तो वारल्यावर वायव्य फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या ड्यूकची, दुसऱ्या आर्थरची, बायको. त्यांच्या मुलाने, जाँने, १३४१ मध्ये ब्रिटनीच्या गादीवर हक्क सांगितला तो 'जाँ द मोंफोर' या नावाने. बापाकडून तो द्रू, आईकडूनही द्रूच. मोंफोर हे त्याच्याकडे आलं ते आजीकडून, आईच्या आईकडून.